घासलेला डोळा

डागबाईला लोकांच्या घाणीची किळस नव्हती. असती तर तिनं लॉन्ड्री चालवलीच नसती. किळस होती ती घरच्या घाणीची, आणि या दोन्हींतला फरक तिला पक्का ठाऊक होता. लोकांची घाण पिशवीत बांधून येते, तिला नंबर असतो, ती धुऊन, वाळवून, घडी होऊन आल्या वाटेनं परत जाते. घरची घाण नाश्त्याला समोर बसते आणि मीठ मागते.

डागबाई हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. तोंडावर ताई, पाठ फिरली की डागबाई. कपडा काउंटरवर पडायचा अवकाश, तिचं बोट बरोबर डागावर.

"हे अंडं."

"हे शाईचं. आणि यावर तुम्ही घरी लिंबू चोळलंय, म्हणून पसरलंय."

"ही लिपस्टिक. मिसेसची नसावी, त्या गडद लावतात."

गिऱ्हाईक हसायचं, पण पुढच्या खेपेला शर्ट देताना आधी घरी उलटसुलट करून बघायचं. चेहऱ्यावरून माणूस कळतो म्हणणाऱ्यांची डागबाईला कीव यायची. चेहरा रोज धुतात हो. माणूस कळतो कॉलरच्या आतल्या पट्टीवर, काखेच्या शिवणीत आणि खिशाच्या तळाशी. गल्लीतल्या प्रत्येकाचं एक खातं तिनं मनात उघडलेलं होतं: अंगातून काय सोडतो आणि जगाकडून काय घेतो. बहुतेकांची पहिलीच बाजू भारी भरायची.

लॉन्ड्री तळमजल्यावर, घर वरच्या मजल्यावर. खाली वाफ, साबणाचा उग्र वास, दोन मशिनांची धडधड आणि इस्त्रीवाल्याची बडबड. वर मात्र शुकशुकाट आणि पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, ज्यावर डाग पाडायची घरात कुणाची छाती नव्हती. नवरा तर चहा पिताना कपाखाली तळहात धरायचा. त्याचं एकच वाक्य होतं, "मी काय म्हणतो...", आणि ते पुरं झालेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

या घरात वन्सं राहायला आल्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, त्याची आक्का. सगळी नोकरी स्टेशनच्या तिकीट खिडकीत गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या तशी भाड्याची खोली सुटली, आणि दोन ट्रंका, एक रेडिओ आणि एक नकली डोळा घेऊन त्या भावाकडे आल्या. खरा उजवा डोळा ऐन तारुण्यात एका दुखण्यात गेला होता. लोक 'काचेचा डोळा' म्हणायचे, पण होता तो कडक प्लास्टिकचा, आत बुबुळ रंगवलेला. सांगितल्याशिवाय कळू नये इतका बेमालूम.

डागबाईला न सांगता कळलं असतं. पहिल्याच सकाळी तिची नजर त्या डोळ्याच्या कोपऱ्यात गेली. नाकाच्या बाजूला एक चिपाड. छोटंसं, पिवळट, वरून सुकलेलं आणि खालून ओलं. वन्संनी रुमालाच्या टोकानं ते टिपलं, रुमाल मांडीवर ठेवला आणि त्याच हातानं उकडलेलं अंडं सोलायला घेतलं.

अंड्याचा पांढरा गर चकाकत बाहेर आला, आणि डागबाईच्या पोटात ढवळलं.

"घे ना वहिनी, तू खात नाहीस?" वन्सं म्हणाल्या.

"माझं झालं."

तिचं काहीच झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं नाश्त्याला अंडं सोडलं.

तसं पाहिलं तर वन्संसारखं माणूस मिळायचं नाही. काउंटरवर बसायला लागल्या आणि आठवड्याभरात दुकानाला शिस्त आली. तिकीट खिडकीतली सवय! सुटे हातावर आपटायच्या, रांग मोडणाऱ्याला "मागे" एवढंच म्हणायच्या, आणि तो खरंच मागे जायचा. इस्त्रीवाल्याला त्यांनी गप्प केलं, जे मागच्या कित्येक वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. डागबाईनं मनातल्या खात्यात हे सगळं जमेला मांडलं. पण समोरच्या बाजूला ते एक चिपाड होतं, आणि हिशेब काही केल्या जुळेना.

जेवताना तिची नजर नेमकी तिथंच जायची. बघू नये म्हटलं की आधी तिथंच. कधी पापण्यांच्या केसांना चिकटलेला तंतू, वन्सं बोलल्या की तोही हलायचा. कधी गालावर वाळलेली रेघ, गोगलगाय गेल्यावर राहते तशी. उशीचा अभ्रा धुवायला घेतला की उजव्या बाजूला कडक झालेला पट्टा. हॉटेलचे नॅपकिन, दवाखान्याच्या चादरी, कुणाकुणाचं काय काय नाकाशी नेऊन ओळखणारी बाई तो अभ्रा चिमटीत धरून, तोंड फिरवून मशिनमध्ये टाकायची.

महिना तिनं कसाबसा काढला. मग एका सकाळी न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "द्या इकडे. मी धुते."

"काय?"

"डोळा. तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून राहतं काहीबाही."

वन्संनी हातातलं फडकं दाखवलं. "मी साबणाच्या पाण्यानं धुते गं. मऊ फडक्यानं."

"म्हणूनच राहतं," डागबाई म्हणाली. "डाग काढणं माझा धंदा आहे वन्सं. द्या."

वन्संनी खालची पापणी बोटानं ओढली, डोळा तळहातावर घेतला आणि दिला. डागबाईला वाटलं होतं गोटीसारखा असेल. तो शिंपल्यासारखा होता, मागून खोलगट. कोमट. बुळबुळीत. वरच्या अंगाला साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा, बोट फिरवलं की सरकणारा. तिच्या घशाशी उमासा आला. तो गिळून तिनं डोळा वाटीत टाकला आणि खाली जाऊन कॉलर घासायचा ब्रश आणि डाग काढायची पांढरी पूड घेऊन आली. या पुडीपुढे कॉलरवरचा वर्षानुवर्षांचा मळ टिकत नसे. बोटांत चोळली तर बारीक वाळूसारखी लागायची.

तिनं डोळा घासला. आधी आडवा, मग उभा, कॉलर घासायची तिची ठरलेली पद्धत होती तशी. मग वरून गरम पाणी ओतलं. डोळ्यावर बोट फिरवलं तर कचकच वाजलं. या आवाजासारखं सुख तिला दुसरं कशात नव्हतं.

आता खरं म्हणजे दुकानात तिचाच नियम होता. दिवसातून एकदा तरी ती कामगारांवर ओरडायची, "रक्त, अंडं, दूध, गार पाणी! गरम लावाल तर जन्मात निघायचं नाही!" पण किळस आलेला माणूस नियम विचारत बसत नाही.

त्या दिवशी जेवताना वन्संचा डोळा लख्ख होता. डागबाई दोन घास जास्त जेवली.

आठवड्याभरात चिपडं परत आली. म्हणजे पूड कमी पडली, तिनं ठरवलं. ब्रश जुना झालाय म्हणून नवा, ताठ दातांचा काढला. पुन्हा दोन दिवस बरे गेले. मग नाश्त्याला धुतलेला डोळा दुपारच्या चहापर्यंत टिकेना, म्हणून ती दुपारीही घासायला लागली. महिना, दोन महिने असं चाललं. जितकं घासावं तितकी घाण हट्टाला पेटल्यासारखी वाढत गेली. आता नुसता तंतू नव्हता. दाट, पांढुरकं, दह्याच्या गुठळीसारखं काहीतरी कोपऱ्यात साचायचं, आणि त्याला वासही यायला लागला. ओल्या कपड्यांची पिशवी चार दिवस बांधून ठेवली तर उघडताना येतो तसला. डोळ्याची चकाकी गेली होती. बुबुळावर धुकं धरल्यासारखं दिसायचं. खरी पापणी लाल, सुजलेली.

"दुखतं का हो?" एकदा तिनं विचारलं.

"टोचतं जरा," वन्सं म्हणाल्या. "तू घास."

डागबाईला मनातून राग यायला लागला होता. डागाचा नव्हे, बाईचा. इतकं मर मर मरून घासतेय मी, आणि ही बया आतून काढतेच आहे, काढतेच आहे! जणू अंगात कारखाना आहे.

आणि अशातच हॉटेलमालक आला.

कोपऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलचा मालक म्हणजे दुकानाचा कणा. टेबलक्लॉथ, नॅपकिन, स्वयंपाकघरातली फडकी, सगळं इथंच यायचं. हे गिऱ्हाईक सुटलं तर एक मशीन विकावं लागलं असतं, आणि मशिनाबरोबर इस्त्रीवाल्यालाही रामराम करावा लागला असता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि हॉटेलमालकाला तर सगळ्यांत जास्त.

वन्सं नॅपकिन मोजत होत्या. मध्येच त्यांनी बोटाच्या पेरानं डोळ्याचा कोपरा पुसला, आणि तेच बोट पुढच्या नॅपकिनच्या घडीत घातलं. हॉटेलमालकाचे ओठ आक्रसले. तो काउंटर टाळून आत आला, डागबाईपाशी.

"ताई, माझ्या नॅपकिनांनी लोक तोंड पुसतात."

"माहीत आहे मला."

"मग त्या बाईंना तिथून उठवा. मला आज जेवण जायचं नाही. पुढच्या खेपेला त्या काउंटरवर दिसल्या ना, तर गाठोडं तसंच उचलून समोरच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत देईन. राग मानू नका."

डागबाईनं राग मानला नाही. उलट तिच्या मनावरचं ओझं उतरलं. इतके दिवस जे तिला म्हणायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी म्हणून टाकलं होतं, आणि वर त्याला धंद्याचं कारणही मिळालं होतं. तिनं त्याच संध्याकाळी धाकट्या जावेला फोन लावला. धाकटा दीर परगावी राहायचा. घर मोठं होतं, मन बेताचं.

"काही दिवस ठेवून घ्या वन्संना," ती म्हणाली. "इथं जिने चढउतार फार होतात."

"जिने?" धाकटी जाऊ म्हणाली. "जाऊबाई, जिन्यांचं मला नका सांगू. त्यांच्या डोळ्यातून पू येतो म्हणे. ते संसर्गाचं असलं तर? माझ्या घरात लहान मूल आहे. आधी दाखवून घ्या. लागण होणारं नाही असं कुणीतरी लिहून देऊ दे. आणि आलं तर मागच्या खोलीत राहावं लागेल. ताटवाटी वेगळी."

"ठीक आहे," डागबाई म्हणाली.

नवरा शेजारीच बसला होता. "मी काय म्हणतो..." त्यानं सुरुवात केली.

"काय?"

"काही नाही."

वन्संना सांगितलं तेव्हा त्या रेडिओचं बटण पुसत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. रात्री ट्रंका पलंगाखालून ओढल्याचा आवाज डागबाईनं ऐकला, आणि कूस बदलली.

दाखवायला नेलं ते डोळेवाल्याकडे. ज्यानं हा डोळा बनवला होता तोच हा माणूस. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली. भिंतभर उथळ खण, आणि एकेका खणात शेकड्यांनी डोळे. तपकिरी, काळे, घारे, छपराकडे टक लावून पडलेले. एका टेबलावर रंगांच्या इवल्या बाटल्या आणि तीन केसांचे कुंचले. दुसऱ्यावर पॉलिश करायचं यंत्र, त्याला कापडाची मऊ चाकं. सगळं इतकं स्वच्छ की डागबाईला त्या माणसाबद्दल तिथल्या तिथं आदर वाटला.

डोळेवाला उंच, वाकलेला आणि खवचट होता. त्यानं वन्संचा डोळा काढून घेतला, पुसला, दिव्याखाली तिरका धरला आणि त्याची जीभ चक् चक् वाजली.

"हे काय आहे?"

"डोळा," वन्सं म्हणाल्या.

"मी दिला तेव्हा होता. आता पाटा झालाय. कशानं घासता?"

डागबाई खुर्चीत सावरून बसली. तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच म्हणाल्या, "कसलीशी पूड आहे घरात."

"कोण घासतं?"

"मीच. वय झालं, हात जड पडतो."

डागबाईचं तोंड उघडलेलं होतं ते तसंच मिटलं. आता सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, कशाला? त्याच म्हणताहेत, आपण कशाला खोटं पाडायचं. हा विचार तिला फार सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला म्हणूनच जरा घाण वाटला.

"इकडे या," डोळेवाला तिला म्हणाला. "घरच्या ना तुम्ही? बघा यांचे प्रताप."

त्यानं डोळा भिंगाखाली ठेवला आणि दिवा बाजूनं लावला. डागबाई वाकली. आधी काहीच कळेना. मग नजर बसली, आणि तिला नांगरलेलं शेत दिसलं. चरच चर. बुबुळावर, पांढऱ्यावर, सगळीकडे. आणि प्रत्येक चरात काहीतरी भरलेलं, पिवळट, चिकट, ढेकळासारखं. कडेला तर थरावर थर चढलेले, जुन्या मोरीच्या तोंडाशी असतात तसे. पण तिची नजर भिंगावरून हलेना.

"अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे," डोळेवाला सांगत होता. "त्यात प्रोटीनं असतात. अंड्याच्या पांढऱ्यात असतात, त्या जातीची समजा. कुठलीही वस्तू डोळ्यात घाला, बघता बघता तिच्यावर त्यांचा पातळ थर येतो. ते कुणाला चुकलेलं नाही. पण पृष्ठभाग आरशासारखा असला ना, की पापणी उघडझाप करताना त्यातलं बरंचसं पुसून नेते. ते टिकत नाही, आपल्यालाही कळत नाही."

"आणि खरखरीत असला तर?"

"तर पापणी वरून फिरते, चरात पोचत नाही. आत शिरलेलं प्रोटीन तिथंच बसतं. बसलं की पसरतं, घट्ट होतं, आणि मग त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. आधीच चरांमुळे बसायला जागा जास्त. वर जंतू येतात जेवायला. त्यात ही कानस दिवसभर पापणीला आतून घासते, म्हणून आतली त्वचा चिडते आणि आणखी पाणी, आणखी घाण सोडते. बाई पुन्हा घासतात. म्हणजे पुन्हा नवे चर! चालू द्या!"

डागबाईला समजावून सांगायची खरं तर गरज नव्हती. साटीनवर सांडलेलं दूध आणि टर्किश टॉवेलवर सांडलेलं दूध यांत काय फरक असतो हे ती आयुष्यभर बोटांनी शिकली होती. ज्या कापडाला केस असतात ते सोडत नाही. तिनं त्या डोळ्याला केस आणले होते. वर गरम पाणी ओतून शिजवलंही होतं.

आणि चर. आधी आडवे, मग उभे. एकावर एक, चौकटी चौकटी. गल्लीतल्या कुठल्याही शर्टाची कॉलर भिंगाखाली ठेवली असती तर हेच दिसलं असतं. दुसरं कुणी असं घासत नाही. ती सहीच होती तिची.

"पण बाई," डोळेवाला वन्संकडे वळला, "तुम्हाला तर मी बजावलं होतं. पूड नाही, ब्रश नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, तेही उगाच रोज काढून नाही. इतकी वर्षं नीट वापरलात. आताच काय दुर्बुद्धी सुचली?"

"सुचली खरी," वन्सं म्हणाल्या.

डोळेवाल्यानं डोळा उचलला, यंत्र सुरू केलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. "वेळ लागेल. बसा बाकावर."

दोघी बाकावर बसल्या. वन्संच्या उजव्या पापणीखाली काही नव्हतं. पापणी आत ओढली गेली होती, आणि फटीतून ओली, लालसर खोबण दिसत होती. कच्च्या मांसासारखी. डागबाईनं मान वळवली, मग स्वतःवर चिडून पुन्हा वळवली.

"तुम्हाला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीत? मी तुमचा डोळा खरवडत होते रोज!"

वन्संनी रुमाल घडी करून खोबणीला लावला. "बोलले असते तर तू काय केलं असतंस?"

"घासणं बंद केलं असतं."

"आणि मग?"

डागबाई समोरच्या खणांतल्या डोळ्यांकडे बघायला लागली.

"मग पहिल्याच महिन्यात मला धाकट्याकडे पाठवलं असतंस," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तसा सूर होता. "चिपाड थोडं होतं तेव्हाही तुला ते बघवत नव्हतं. घासत होतीस तोवर तुला वाटत होतं, आज ना उद्या निघेल. उपाय चालू असला की माणूस निकाल देत नाही. खिडकीवर बघितलंय मी. गाडी रद्द झाली म्हटलं की लोक काचा फोडतात. 'चौकशी चालू आहे' म्हटलं की चार तास बसून राहतात."

"म्हणून डोळ्याची माती होऊ दिलीत?"

"प्लास्टिकचा आहे गं तो," वन्सं म्हणाल्या. "मागची खोली मात्र खरी आहे. मी बघितलीय. तिथं ते कुत्र्याचं खाणं ठेवतात."

डागबाईनं आपले हात बघितले. नखांच्या कडेला ती पांढरी पूड नेहमीसारखी होती. आजवर तिला ती स्वच्छतेची खूण वाटायची. आता तिनं बोटं नाकाशी नेली, सवयीनं, आणि त्या वासाची तिला शिसारी आली. दुसऱ्या कुणाच्या अंगाची नव्हे, आपल्याच बोटांची. ही शिसारी तिच्या ओळखीची नव्हती. हिला पिशवीत बांधता येईना आणि नंबरही देता येईना. घाण बाहेरून येत नव्हतीच मुळी. ती रोज सकाळी ब्रश घेऊन स्वतः तयार करत होती, आणि वर दुसऱ्याच्या खात्यावर मांडत होती.

यंत्र थांबलं. डोळेवाल्यानं डोळा धुऊन आणला. तो आता थेंबासारखा दिसत होता. वन्संनी तो घातला, दोनदा पापणी मिटली आणि म्हणाल्या, "सरकतोय. विसरलेच होते कसं वाटतं ते."

"सूज उतरायला आठवडे जातील," डोळेवाला म्हणाला. "घाण एकदम थांबायची नाही. घाई करून पुन्हा घासायला बसू नका. हं, काय लिहून हवं होतं? लागण होणारं नाही, असंच ना?"

वन्सं डागबाईकडे बघायला लागल्या.

"लिहायला नको," डागबाई म्हणाली. "आणि घासत होते ती मी."

डोळेवाल्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते कळलं मला," तो म्हणाला. "तुमचं तोंड केव्हाच पडलं होतं."

घरी आल्यावर तिनं धाकट्या जावेला फोन केला. "वन्सं येत नाहीत."

"म्हणजे लागण होणारं आहे वाटतं?"

"हो," डागबाई म्हणाली. "फार. जपून राहा." आणि फोन ठेवला.

हॉटेलमालक मात्र फोनवर मिटणारा नव्हता. तो आला तेव्हा वन्सं काउंटरवरच होत्या. डोळा चकचकीत, पण कोपऱ्यात पांढरा ठिपका, पापणी अजून लाल. मागे इस्त्रीवाल्याची इस्त्री हवेतच थांबली. नवरा कपाटात काहीतरी शोधू लागला, जे त्या कपाटात कधीच नव्हतं.

हॉटेलमालकानं गाठोडं काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही. "ताई, मी काय सांगितलं होतं?"

डागबाई मशीन बंद करून बाहेर आली. "सांगितलं होतंत. आता माझं ऐका. यांचा डोळा मी खराब केला होता, कॉलरच्या पुडीनं घासून घासून. तुम्ही जे बघितलंत ते माझं काम. आता पॉलिश झालाय, सूज उतरेल. नॅपकिन मोजायला दुसरं माणूस बसेल, तुमचं ते म्हणणं बरोबर होतं. काउंटरवर याच बसतील."

"मग मी जातो समोरच्या गल्लीत."

"जा. पण जाण्याआधी..." तिनं गाठोड्याची गाठ सोडली, वरचा नॅपकिन दोन बोटांनी उचलला आणि दिव्यासमोर धरला. "याच्यानं तोंड पुसलंय असं वाटतं तुम्हाला? याच्यानं बूट पुसलाय. हा दुसरा बघा, यात नाक शिंकरलंय. मागे एकात कुणाचा तरी दात गुंडाळलेला आला होता, तो मी धुऊन तुमच्याच पिशवीत परत घातला होता. मिळाला नाही?"

इस्त्रीवाला खोकला.

"आणि हे फडकं." आता तिचा आवाज खाली आला. "कच्चं मांस पुसायचं आणि ताटं पुसायचं तुमच्याकडे एकच फडकं आहे. रक्ताचा डाग मला न ओळखायला काय झालं? हे मी आजवर कुणाला बोलले नाही. धुतलं, घडी घातली, परत दिलं. समोरच्या गल्लीतला मनुष्य गप्पिष्ट आहे, एवढंच म्हणते."

हॉटेलमालकानं त्या फडक्याकडे बघितलं. त्याचे ओठ परवासारखेच आक्रसले होते, पण या वेळी वन्संकडे बघून नव्हे. मग त्यानं गाठोड्यावरचा हात काढला.

"केव्हा मिळेल?" त्यानं विचारलं.

"रांगेत या," वन्सं म्हणाल्या. "पावती देते."

पुढे सगळं गोड झालं असं नाही. फडक्यांचे दोन रंग झाले, एवढी सुधारणा हॉटेलमालकानं न बोलता केली. वन्संची चिपडं कमी होत गेली, पण अगदी गेली नाहीत. डोळेवाला म्हणाला होता तसा थर येतच राहतो, फक्त आता धरून बसत नव्हता. डागबाईची किळसही तशीच. ती नाश्त्याला वन्संसमोर बसायची, नजर कोपऱ्याकडे जायची, आणि हाताला खाज सुटायची ती ब्रशाची. अंडं ती पुन्हा घ्यायला लागली होती, पण ते ताटलीत तसंच ठेवून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. नवऱ्यानं ते एकदा बघितलं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "अंडं थंड होतंय तुझं."

दोघीही त्याच्याकडे बघतच राहिल्या. वाक्य पुरं झालं होतं.

डोळा धुवायचा दिवस आला तेव्हा वन्सं न्हाणीघरात उभ्या होत्या, समोर गार पाण्याची वाटी, साबणाचा फेस. खांद्यावर मऊ फडकं नव्हतं, विसरल्या होत्या. डागबाई दारावरून चालली होती.

"वहिनी, जरा धर गं," त्या म्हणाल्या, आणि ती काही बोलायच्या आत डोळा तिच्या तळहातावर ठेवून फडकं आणायला गेल्या.

तो कोमट होता आणि बुळबुळीत. वर तोच सायीसारखा पातळ पापुद्रा. घशाशी उमासा आला. शेजारच्या फळीवर बादल्या घासायचा ब्रश होता, हाताच्या अंतरावर. तिनं तो बघितला. मग डोळा घरंगळू नये म्हणून बोटं हलकेच मिटली आणि तोंड वाकडं करून, श्वास रोखून, वन्सं येईपर्यंत तशीच उभी राहिली.